बारा तारांचा सहा दशकांचा झंकार

विशेष प्रतिनिधी

काही गाणी शब्द सुरू होण्यापूर्वीच ओळखू येतात. 'द बर्ड्‌स' या अमेरिकी वाद्यवृंदाचे 'मिस्टर टॅम्बुरीन मॅन' हे त्यांपैकी एक. सुरुवातीच्या काही सेकंदांत बारा तारांची विद्युत गिटार वाजते आणि पाश्चात्त्य संगीताशी जुजबी परिचय असलेला श्रोताही कान टवकारतो. हे गाणे १९६५ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर संगीताच्या ध्वनिमुद्रणाचे तंत्र, विक्रीची पद्धत आणि ऐकण्याची साधने अनेकदा बदलली. परंतु या गाण्यावरील आणि ते वाजविणाऱ्या रॉजर मॅग्विन यांच्यावरील रसिकांचे प्रेम ओसरलेले नाही. या प्रेमाची कारणे शोधू गेल्यास लोकसंगीत व रॉक यांच्या मीलनाचा इतिहास तर समोर येतोच. शिवाय कलावंताला त्याच्या कलेचे मोल कोण देतो, हा अप्रिय प्रश्नही पुढे उभा राहतो.

शिकागोतील शिक्षण

मॅग्विन यांचा जन्म १३ जुलै १९४२ रोजी शिकागो येथे झाला. मूळ नाव जेम्स. 'रॉजर' हे नाव त्यांनी १९६७ साली धारण केले. शिकागोमध्ये १९५७ साली सुरू झालेल्या 'ओल्ड टाऊन स्कूल ऑफ फोक म्युझिक' या संस्थेत त्यांनी पाच तारांचा बेंजो व बारा तारांची गिटार यांचे धडे घेतले. पुढे 'लाइमलायटर्स' व 'चॅड मिचेल ट्रायो' या लोकगीत गाणाऱ्या मंडळींना आणि गायक बॉबी डॅरिन यांना त्यांनी साथ केली. विशीत पाऊल टाकतानाच व्यावसायिक साथीदार म्हणून त्यांचा हात तयार झाला होता.

त्या काळी अमेरिकेत लोकसंगीत आणि रॉक यांचे श्रोते वेगळे होते. लोकसंगीताचा चाहता कॉफीगृहात बसून शब्द लक्षपूर्वक ऐके; विद्युत गिटार त्याच्या दृष्टीने बाजारू. रॉकचा चाहता नाचण्यासाठी येई. १९६४ साली 'बीटल्स'ची लाट अमेरिकेत आली आणि ही भिंत खचू लागली. बीटल्सच्या 'अ हार्ड डेज नाइट' या चित्रपटात जॉर्ज हॅरिसन यांच्या हातातील 'रिकनबॅकर' कंपनीची बारा तारांची गिटार मॅग्विन यांनी पाहिली आणि आपल्याला हवा असलेला आवाज याच वाद्यात आहे, हे त्यांनी ओळखले.

लॉस एंजेलिसमध्ये जीन क्लार्क व डेव्हिड क्रॉसबी यांच्यासह त्यांनी वाद्यवृंद उभारला. बास गिटारवर ख्रिस हिलमन आणि ड्रमवर मायकेल क्लार्क आले. हे पाचजण म्हणजेच 'द बर्ड्‌स'.

एका गीताची दोन रूपे

'मिस्टर टॅम्बुरीन मॅन' हे गीत बॉब डिलन यांचे. त्यांनी ते १९६४ साली लिहिले. गिटारवादक ब्रूस लँगहॉर्न यांच्याजवळ असलेल्या मोठ्या, डफासारख्या तुर्की वाद्यावरून आपल्याला हे गीत सुचले, असे डिलन यांनी नंतर सांगितले आहे. डिलन यांच्या स्वतःच्या ध्वनिमुद्रणात गिटारची नाजूक साथ लँगहॉर्न यांचीच आहे, हा सुंदर योगायोग.

बर्ड्‌सचे व्यवस्थापक जिम डिक्सन यांनी या गीताचे अप्रकाशित ध्वनिमुद्रण मिळविले आणि मंडळींसमोर ठेवले. ते लांबलचक, चार कडव्यांचे आणि सैलसर लयीचे होते. प्रथम ते कुणालाच फारसे रुचले नाही. मग मॅग्विन यांनी त्याची लय चार मात्रांच्या चौकटीत बसविली, चारपैकी एकच कडवे ठेवले, दोन्ही बाजूंना धृपद घेतले आणि प्रारंभी गिटारची ती छोटी सुरावट योजली. बाख यांच्या एका सुप्रसिद्ध रचनेची छाया या सुरावटीवर असल्याचे मॅग्विन सांगत आले आहेत. तालमीला आलेल्या डिलन यांनी हे रूप ऐकले आणि यावर तर नाचता येईल, असे आश्चर्य व्यक्त केले.

डिलन यांनी आपले गीत १५ जानेवारी १९६५ रोजी ध्वनिमुद्रित केले. पाचच दिवसांनी, २० जानेवारीला, हॉलिवूडमधील कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत बर्ड्‌सचे ध्वनिमुद्रण झाले. निर्माते टेरी मेल्चर यांना नवख्या वादकांचा भरवसा वाटेना. त्यामुळे पाचांपैकी वाद्य वाजविण्याची संधी केवळ मॅग्विन यांना मिळाली. ड्रमवर हॅल ब्लेन, बासवर लॅरी क्नेक्टल, पियानोवर लिऑन रसेल आणि साथीच्या गिटारवर जेरी कोल असे कसलेले व्यावसायिक वादक बोलाविण्यात आले. मुख्य स्वर मॅग्विन यांचा. क्लार्क व क्रॉसबी यांनी त्याला स्वरसंवादाची जोड दिली.

१२ एप्रिल १९६५ रोजी ही तबकडी बाजारात आली. जूनच्या अखेरीस ती अमेरिकेच्या 'बिलबोर्ड' यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली आणि पुढे ब्रिटनमध्येही तिने तेच स्थान मिळविले. डिलन यांच्या लेखणीतून उतरलेले गीत अमेरिकी यादीच्या शिखरावर जाण्याची ती पहिलीच वेळ. त्याच सुमारास संगीतविषयक वृत्तपत्रांनी या नव्या प्रकाराला 'फोक-रॉक' असे नाव दिले. डिलन स्वतः न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात विद्युत गिटार घेऊन उभे राहिले, तो दिवस होता २५ जुलै १९६५.

त्या आवाजाचे रहस्य

बारा तारांच्या गिटारीत सहा तारांऐवजी तारांच्या सहा जोड्या असतात. खालच्या स्वरांच्या चार जोड्यांत एक तार मूळ स्वराची आणि दुसरी त्याच्या वरच्या सप्तकातील. उरलेल्या दोन जोड्यांतील तारा समस्वरी. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा एकाच स्वरात लावल्या तरी त्यांच्यातील सूक्ष्म फरकामुळे नाद भरीव होतो, हे आपल्याकडील श्रोत्यांना ठाऊक आहे. इथेही तत्त्व तेच. वरच्या सप्तकाच्या तारांमुळे त्याला चमक येते. रिकनबॅकरच्या गिटारीत जोडीतील तारांचा क्रम नेहमीच्या उलट असतो. हात खाली येताना जाड तार आधी छेडली जाते व बारीक तार नंतर. या वाद्याच्या वेगळ्या नादाचे हे एक कारण.

दुसरे कारण स्टुडिओतले. विद्युत गिटारचा आवाज ध्वनिमुद्रण यंत्रांना सोसेल असा राहावा, म्हणून ध्वनिअभियंत्याने 'कॉम्प्रेसर' हे उपकरण वापरले. मोठा आवाज दाबणे आणि क्षीण आवाज उचलून धरणे, हे त्याचे काम. बारा तारांचा नाद एरवी लवकर विरतो. कॉम्प्रेसरमुळे तो लांबला आणि घंटानादासारखा सलग ऐकू येऊ लागला.

तिसरे कारण मॅग्विन यांच्या बोटांचे. अंगठा व तर्जनी यांच्यात साधी नखी धरून मधल्या दोन बोटांवर ते बेंजोच्या धातूच्या नख्या चढवितात. एकाच वेळी सगळ्या तारा न छेडता एकामागून एक स्वर फिरते ठेवण्याची बेंजोची रीत त्यांनी विद्युत गिटारवर आणली. शिकागोत गिरविलेले लोकसंगीताचे धडे असे रॉकच्या केंद्रस्थानी जाऊन बसले.

हॅरिसन, रविशंकर आणि मुंबई

हा आवाज लवकरच मूळ जागी परतला. बर्ड्‌सच्या 'द बेल्स ऑफ रिमनी' या गाण्यातील गिटारच्या वळणावरून आपण 'इफ आय नीडेड समवन' हे गीत बांधल्याचे जॉर्ज हॅरिसन यांनी मोकळेपणाने मान्य केले. ज्यांची गिटार पाहून मॅग्विन यांनी वाद्य बदलले, त्यांनीच मॅग्विन यांचे ऋण स्वीकारले.

१९६५च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसमध्ये बर्ड्‌स व बीटल्स यांची भेट झाली, तेव्हा क्रॉसबी यांनी हॅरिसन यांच्याशी पंडित रविशंकर यांच्या सतारीविषयी भरभरून बोलणे केले. पुढे सप्टेंबर १९६६ मध्ये हॅरिसन मुंबईत आले आणि त्यांनी रविशंकर यांच्याकडे सतारीचे शिक्षण घेतले. बर्ड्‌सच्या १९६६ मधील 'एट माइल्स हाय' या गाण्यावरही सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन आणि रविशंकर या दोघांचा प्रभाव आहे. त्यातील बारा तारांच्या गिटारचे वादन हे कोल्ट्रेन यांच्या 'इंडिया' या रचनेला केलेले अभिवादन होय.

मानधनाचा प्रश्न

लोकप्रियता आणि मिळकत यांचे गणित मात्र जुळले नाही. ११ जुलै २००० रोजी अमेरिकी सिनेटच्या न्यायविषयक समितीसमोर, संगीताच्या इंटरनेटवरील वितरणासंबंधीच्या सुनावणीत, मॅग्विन यांनी साक्ष दिली. बर्ड्‌ससमवेत आपण पंधराहून अधिक ध्वनिमुद्रिका केल्या. परंतु बहुतेक वेळा हाती आली ती सुरुवातीची माफक आगाऊ रक्कम तेवढीच, असे त्यांनी सांगितले. 'मिस्टर टॅम्बुरीन मॅन' आणि 'टर्न! टर्न! टर्न!' ही दोन गाणी यादीत पहिल्या क्रमांकावर गेली, तरी पाचांमध्ये वाटणी होऊन प्रत्येकाच्या वाट्याला काही हजार डॉलरच आले, असे त्यांचे म्हणणे होते. त्या सुमारास 'एमपीथ्री डॉट कॉम' या संकेतस्थळाने आपल्याला निम्मा वाटा देऊ केला, याचा उल्लेखही त्यांनी केला.

इंटरनेटवरील फुकट देवाणघेवाणीविरुद्ध मोठ्या कंपन्या न्यायालयात गेल्या होत्या, तेव्हाची ही साक्ष आहे. कलावंताचे नुकसान नव्या तंत्राने होते, हा त्या कंपन्यांचा युक्तिवाद. जुन्या करारांनी कलावंताच्या हाती किती पडत होते, हे मॅग्विन यांच्या साक्षीतून नोंदीवर आले. ध्वनिमुद्रणांचे वितरण पुढे पूर्णपणे बदलले, तरी वादकाचा वाटा किती असावा हा वाद मिटलेला नाही. त्या दिवशी स्टुडिओत बसलेल्या व्यावसायिक वादकांची नावे तर मूळ तबकडीवर नव्हतीच. हॅल ब्लेन व त्यांचे सहकारी यांची कामगिरी सर्वसामान्य रसिकांना कळायला कित्येक वर्षे जावी लागली.

लोकगीतांचे भांडार

मॅग्विन यांनी स्वतः यावर शोधलेले उत्तर लक्षणीय आहे. नोव्हेंबर १९९५ मध्ये त्यांनी इंटरनेटवर 'फोक डेन' हा उपक्रम सुरू केला. दर महिन्याला एक पारंपरिक लोकगीत स्वतः गाऊन, त्याचे शब्द व गिटारच्या सुरांच्या खुणांसह ते विनामूल्य ठेवायचे, असा त्याचा नेम. व्यापारी कंपन्यांना या गीतांत रस नाही आणि गाणारी पिढी वृद्ध होत आहे. कुणी ती जपली नाहीत तर ती विरून जातील, ही त्यामागील चिंता. या भांडारातील गीते पीट सीगर, जोन बाएझ, ज्युडी कॉलिन्स आदींच्या साथीने गायिलेली 'ट्रेझर्स फ्रॉम द फोक डेन' ही ध्वनिमुद्रिका २००१ साली निघाली आणि तिला ग्रॅमीचे नामांकन मिळाले.

चाहत्यांचे प्रेम याच ठिकाणी अर्थपूर्ण होते. ज्याने लोकसंगीत विद्युत गिटारवर चढवून लाखोंपर्यंत नेले, तोच वादक उत्तरायुष्यात एकटा गिटार घेऊन रंगमंचावर बसतो, गाण्यांच्या जन्मकथा सांगतो आणि मूळ लोकगीतेही ऐकवितो. श्रोते येतात ते 'मिस्टर टॅम्बुरीन मॅन'साठी. जाताना चार जुनी गाणी सोबत नेतात.

वारसा आणि निरोप

बर्ड्‌सचे मूळ पाच सदस्य जानेवारी १९९१ मध्ये 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मधील समावेशाच्या वेळी अखेरचे एकत्र आले. त्याच वर्षी जीन क्लार्क आणि १९९३ साली मायकेल क्लार्क यांचे निधन झाले. डेव्हिड क्रॉसबी जानेवारी २०२३ मध्ये गेले. ऑक्टोबर १९९२ मध्ये न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये डिलन यांच्या कारकिर्दीचा गौरव सोहळा झाला, तेव्हा हे गीत सादर करण्याचा मान मॅग्विन यांना मिळाला आणि त्यांना साथ होती टॉम पेटी यांची. पेटी यांच्या गिटारीवर बर्ड्‌सचा ठसा उघड होता. 'आर.ई.एम.'चे पीटर बक यांच्या वादनातही तो झंकार ऐकू येतो. रिकनबॅकर कंपनीने १९८८ साली मॅग्विन यांच्या नावाची बारा तारांची खास गिटार काढली.

ज्यांना हे गाणे नव्याने ऐकायचे आहे, त्यांनी आधी डिलन यांचे मूळ रूप आणि लगेच बर्ड्‌सचे रूप ऐकावे. पहिल्यात कवी भेटतो, दुसऱ्यात नाद. नंतर 'द बेल्स ऑफ रिमनी' व 'एट माइल्स हाय' ऐकावे, म्हणजे त्या नादाचा पुढचा प्रवास कळतो. करारपत्राने मॅग्विन यांना फार काही दिले नाही. रसिकांनी मात्र त्या बारा तारा कुणी छेडल्या, हे नाव विसरायचे नाकारले आहे. सहा दशकांनंतर ही आठवण हेच त्या वादकाचे खरे मानधन म्हणावे लागेल. पण त्यामुळे पहिल्या मानधनाचा हिशेब चुकता होत नाही, हेही विसरता कामा नये.