‘नॉर्मल’ म्हणजे ‘नेहमीचे’ नव्हे

कोडोली (ता. पन्हाळा) : ‘यंदा पाऊस नॉर्मल’ अशी बातमी आली, की वारणा खोऱ्यातील या गावात तिचा अर्थ ‘नेहमीसारखा पाऊस पडणार’ असा घेतला जातो. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ याचा अर्थ ‘काळजीचे कारण नाही’ असा होतो. ‘हे कॉमन आहे’ असे ऐकले, की ‘चालायचेच’ असे समजून विषय संपतो. नॉर्मल, कॉमन, अ‍ॅव्हरेज, टिपिकल, स्टँडर्ड हे इंग्रजी शब्द आता मराठी बोलण्यात पुरते रुळले आहेत. मात्र ते एकमेकांचे पर्याय आहेत, ही समजूत चुकीची आहे. यातील प्रत्येक शब्द वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देतो आणि प्रश्नच ओळखला नाही, तर उत्तराचा भलताच अर्थ निघतो.

सरासरीचा पाऊस कुठे पडतो?

हवामान खात्याच्या भाषेत ‘नॉर्मल’ हा शब्द आकड्याशी बांधलेला आहे. १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांत जून ते सप्टेंबर या काळात देशात पडलेल्या पावसाची सरासरी सुमारे ८७ सेंटिमीटर आहे. या सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस झाला, की तो नॉर्मल ठरतो. २०१९ साली एप्रिलमध्ये खात्याने ९६ टक्के, म्हणजे जवळपास नॉर्मल पावसाचा अंदाज दिला होता. प्रत्यक्षात देशात ११० टक्के पाऊस झाला आणि ऑगस्टमध्ये कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांत महापूर आला. अंदाज तंतोतंत खरा ठरला असता, तरी त्यातून कोडोलीच्या शिवारात किती पाऊस पडेल हे कळले नसते. तो आकडा संपूर्ण देशाचा आणि चार महिन्यांचा होता.

‘अ‍ॅव्हरेज’ म्हणजे सरासरी. एकूण बेरजेला संख्येने भागले की ती मिळते. ती कोणाच्याही वाट्याला प्रत्यक्ष आलेली असेलच असे नाही. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेला गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर पूर्वेला शिरोळ तालुक्यात तो पाच-सहाशे मिलिमीटर असतो. या दोन टोकांतून निघणारी जिल्ह्याची सरासरी गणिताने अचूक असते. पण ती ना गगनबावड्याचे चित्र दाखवते, ना शिरोळचे. म्हणजेच ती ‘अ‍ॅव्हरेज’ आहे, ‘टिपिकल’ नाही.

या शब्दाचे मूळ अरबी असल्याचे मानले जाते. जहाजावरील मालाचे नुकसान झाले, की ते व्यापाऱ्यांमध्ये प्रमाणशीर वाटून घेतले जाई. त्या वाटणीवरून आजचा अर्थ आला. मराठीत मात्र ‘गाडी किती अ‍ॅव्हरेज देते?’ असे विचारले, की उत्तर लिटरमागे किती किलोमीटर हेच मिळते.

ठरवून दिलेले माप

‘स्टँडर्ड’ हे मोजून निघत नाही, ते कोणीतरी ठरवून दिलेले असते. कोल्हापुरातील ऊस उत्पादकांना हा फरक पैशांत कळतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने उसाचा उचित व लाभकारी दर क्विंटलला ३५५ रुपये ठरवला, तो १०.२५ टक्के साखर उताऱ्यासाठी. हा १०.२५ चा आकडा देशाची सरासरी नव्हे आणि कोणा कारखान्याचा नेहमीचा उताराही नव्हे; ते दर काढण्यासाठी ठरवलेले प्रमाण आहे. त्यापुढचा हिशेब कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर होतो. एखाद्याच्या शेतातील उसाचा उतारा अधिक असला, तरी दर सरासरीनेच निघतो. एकाच बिलात ‘स्टँडर्ड’ आणि ‘अ‍ॅव्हरेज’ असे दोन निराळे आकडे काम करीत असतात. बोलीत मात्र ‘स्टँडर्ड’ला भारदस्त, उंची असा अर्थ चिकटला आहे. ‘हॉटेल स्टँडर्ड आहे’ असे म्हणताना कोणाच्याही मनात ठरलेले माप नसते.

सर्रास आढळते म्हणून निकोप नव्हे

सर्वांत महागात पडणारी गल्लत ‘कॉमन’ आणि ‘नॉर्मल’ यांची आहे. ‘कॉमन’ हा शब्द एखादी गोष्ट किती जणांत, किती ठिकाणी आढळते एवढेच सांगतो. ‘नॉर्मल’ हा शब्द ती मापात बसते की नाही, हे सांगतो. लॅटिनमध्ये ‘नॉर्मा’ म्हणजे सुताराचा गुण्या. काटकोन जुळला की नाही, हे पाहण्याचे ते साधन.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिलांना रक्तक्षय असल्याचे आढळले. निम्म्याहून अधिक महिलांत आढळणारी ही गोष्ट निःसंशय ‘कॉमन’ आहे. ‘नॉर्मल’ मुळीच नाही. ‘बायकांना अशक्तपणा असायचाच’ या वाक्यात हे दोन शब्द एक झालेले असतात आणि तपासणी तिथेच टळते.

याची उलट बाजूही आहे. प्रयोगशाळेच्या अहवालात आकड्यापुढे दिलेली ‘नॉर्मल’ मर्यादा बहुधा निरोगी लोकांपैकी ९५ टक्के लोक जिच्यात बसतात, अशी आखलेली असते. त्यामुळे शंभरांतील सुमारे पाच निरोगी माणसे त्या मर्यादेबाहेर पडणारच. नियमित सराव करणाऱ्या धावपटूची विश्रांतीच्या वेळची नाडी मिनिटाला ५० असू शकते. मोठ्या माणसांसाठी मर्यादा ६० ते १०० ची धरली जाते. त्या धावपटूच्या बाबतीत ५० हे ‘युज्युअल’, म्हणजे त्याचे नेहमीचे आहे, आणि आजाराचे लक्षणही नाही. ‘युज्युअल’ हा शब्द त्याच माणसाच्या, त्याच जागेच्या पूर्वानुभवाशी तुलना करतो; ‘नॉर्मल’ बाहेरच्या मापाशी.

ओळख पटवणारा ‘टिपिकल’

‘टिपिकल’चे मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ ठसा किंवा छाप. ज्यावरून जात, गट, प्रदेश ओळखता येतो ते ‘टिपिकल’. कोल्हापुरी चप्पल ही कोल्हापूरची ‘टिपिकल’ वस्तू आहे आणि २०१९ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण आज रस्त्यावर किती पायांत ती दिसते, हा प्रश्न निराळा, तो ‘कॉमन’चा. गावोगाव आढळणारी रबरी चप्पल ‘कॉमन’ आहे. पण ती कोणत्याही एका गावाची ओळख नाही.

मराठीत ‘टिपिकल’ला नाक मुरडण्याची छटा आली आहे. ‘टिपिकल सासू’, ‘टिपिकल सरकारी उत्तर’ ही त्याची उदाहरणे. ‘नमुना’ या आपल्या शब्दाचेही असेच झाले. खरे तर नमुना म्हणजे सगळ्यांचे प्रतिनिधित्व करणारा एक. पण माणसाला ‘नमुना’ म्हटले, की तो चारचौघांसारखा नाही असे सुचवले जाते.

‘ऑर्डिनरी’ हा शब्द क्रम, ओळ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला. ज्यात वेगळेपण काही नाही, ते ‘ऑर्डिनरी’. त्यात किंचित कमीपणाही असतो. मराठीतला ‘साधा’ हा शब्द त्याला जवळचा असला, तरी ‘साधा माणूस’ ही आपल्याकडे निंदा नसून बहुतेकदा प्रशंसा असते.

एका ‘सामान्य’वर किती भार?

राज्यातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. शब्दार्थाच्या वहीत मात्र यातील बहुतेक शब्दांपुढे ‘सामान्य’ एवढेच उत्तर लिहिलेले आढळते. हा शब्द ‘समान’वरून आला आहे, म्हणजे मुळात तो ‘कॉमन’चा सोयरा. आज ‘सामान्य माणूस’, ‘सामान्य ज्ञान’, ‘सामान्य रुग्णालय’ आणि ‘सामान्य तापमान’ या चार ठिकाणी तो चार वेगळी कामे करतो. वास्तविक मराठीजवळ शब्दांची वाण नाही. मोजून निघते ते सरासरी, ठरवून दिलेले ते प्रमाण, पुष्कळ ठिकाणी दिसते ते सर्रास, पूर्वापार घडते ते नेहमीचे, ओळख पटवते ते खास किंवा प्रातिनिधिक, वेगळेपण नसलेले ते साधे. आरोग्याच्या संदर्भात ‘नॉर्मल’साठी ‘निकोप’ हा शब्दही आहे.

इंग्रजी शब्द टाळावेत, असा याचा अर्थ नाही. डॉक्टरांचा अहवाल असो, हवामानाचा अंदाज असो वा कारखान्याचे बिल. समोर ‘नॉर्मल’ किंवा ‘अ‍ॅव्हरेज’ हा शब्द आला, की तो कशाच्या तुलनेत, कोणत्या काळाचा आणि किती जणांचा, हे तीन प्रश्न विचारले पाहिजेत. त्यांची उत्तरे मिळाली, की शब्द इंग्रजी असला तरी अर्थ निसटत नाही.