गाभा एक, पडदे अनेक
महाड-पोलादपूरकडच्या एखाद्या शाळेत २ जीबी स्मृतीचा जुना लॅपटॉप पडून असेल, तर तो मोडीत काढण्याआधी थोडा इतिहास पाहू. लिनक्समध्ये यंत्र चालवणारा गाभा आणि पडद्यावरची मांडणी वेगवेगळी असते. १९९६ साली माथिआस एट्रिश या जर्मन विद्यार्थ्याने ‘केडीई’ ही मांडणी सुरू केली. तिचा पाया असलेल्या ‘क्यूटी’चा परवाना तेव्हा पूर्ण मुक्त नव्हता, त्या वादातून १९९७ मध्ये ‘ग्नोम’ जन्मली. २००६ साली तैवानमधून खास हलकी ‘एलएक्सडीई’ आली. वादातून अशी निवड मिळाली. जुन्या यंत्राला एलएक्सडीईची वारस ‘एलएक्सक्यूटी’ किंवा ‘एक्सएफसीई’ मानवते. आधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहावी, मगच बसवावी. मात्र ब्राउझर एकावेळी फार पाने उघडून बसला, तर हलक्या मांडणीचाही उपयोग होत नाही.