मुक्या जनावरांची साक्ष

जनावरास बोलतां येत नाहीं, ही मनावर चालणाऱ्या औषधांची परीक्षा करणारांची जुनी अडचण आहे. ज्वरावरील औषध दिलें तर ताप उतरला कीं नाहीं हें थर्मामीटर सांगतो. रक्तदाबावरील औषध दिलें तर पारा किती खालीं आला हें डोळ्यांनीं पाहतां येतें. परंतु ज्या औषधाचें कार्य मनावर व्हावयाचें, तें एखाद्या उंदरास किंवा माकडास दिल्यावर त्याच्या मनांत काय पालट झाला हें कोणास विचारावयाचें? जनावर हललें कीं थांबलें, चावलें कीं बसून राहिलें, एवढेंच काय तें दिसतें. बाकीचें पाहणारानें आपल्या पदरचें घालावयाचें असतें. हें पदरचें घालणें किती जोखमीचें असतें, आणि त्याचीं बरीं वाईट फळें पुढें माणसांच्या वांट्यास कशीं येतात, हें आपल्याच देशांतील एका मुळीच्या इतिहासावरून चांगलें दिसून येतें.

ही मुळी सर्पगंधेची. बिहाराकडे लोक तिला ‘पागल की दवा’ म्हणत, यावरून तिचा उपयोग काय होत असे हें वाचकांस निराळें सांगावयास नकोच. पाश्चात्य वनस्पतिशास्त्रानें तिच्या कुळास आउग्सबुर्ग येथील राउवोल्फ नांवाच्या सोळाव्या शतकांतील वैद्याचें नांव दिलें; हा गृहस्थ सीरिया व मेसोपोटेमियापर्यंत हिंडला होता, पण हिंदुस्थानांत कधीं आला नाहीं. असो. नव्या वैद्यकाच्या दृष्टीनें सर्पगंधेचा खरा इतिहास १९३१ सालीं सुरू होतो. त्या वर्षीं दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजांत सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनीं मुळींतून एक अल्कलॉइड वेगळा काढला व कॉलेजाचे आधारस्तंभ हकीम अजमलखान यांच्या स्मरणार्थ त्यास ‘अजमलीन’ असें नांव ठेविलें. त्याच वर्षीं कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं ही मुळी वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर गुणकारी असल्याचें प्रसिद्ध केलें. रामनाथ चोप्रा व त्यांचे सहकारी यांनीं पुढें कलकत्त्यासच तिच्या अल्कलॉइडांचे प्रयोग केले. बाजारांतहि तिच्या गोळ्या येऊं लागल्या होत्या. ब्रह्मदेशांत बेफाम झालेल्या हत्तींना ही मुळी चारून शांत करतात हें आपल्या संस्थापकानें पाहिलें आणि त्यावरून गोळ्यांची कल्पना निघाली, असें हिमालया नांवाची औषधी कंपनी सांगते. व्यापाऱ्याच्या घरची गोष्ट म्हणून ती तेवढ्याच भावानें घ्यावी. पण या सर्व कार्याची जगाला खरी ओळख झाली ती मुंबईहून. १९४९ सालीं डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं रक्तदाबाच्या पन्नास रोग्यांवरील आपला अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ मध्यें छापला, आणि ज्या मुळीकडे युरोप-अमेरिकेंत ढुंकूनहि कोणी पाहत नव्हतें, तिची एकाएकीं चौकशी सुरू झाली.

स्वित्झर्लंडांत बाझल येथें सीबा कंपनीचे रसायनज्ञ म्युलर व श्लिटलर आणि त्यांचे सहकारी बाइन यांनीं १९५२ सालीं मुळींतील शामक तत्त्व शुद्ध स्वरूपांत वेगळें काढल्याचें जाहीर केलें. त्याचें नांव रिसर्पीन. हें द्रव्य जनावरांस टोंचून पाहतां जें दिसलें तें अपूर्व होतें. त्या काळापर्यंत निद्रा आणणारीं जीं औषधें ठाऊक होतीं, त्यांनीं जनावर आधीं झिंगावें, मग अडखळावें आणि शेवटीं गाढ निजावें असा क्रम असे. रिसर्पीनाचें तसें नव्हे. शिरेंत टोंचलें तरी त्याचें काम सावकाश सुरू होई. मग जनावराच्या पापण्या उतरत, पाठ गोळा होई, तें एका जागीं निमूट बसून राही. पण तें निजलेलें नसे. डिवचलें असतां जागें असल्याची खूण देई. ऱ्हीसस जातीचीं माकडें मोठीं आडदांड. पिंजऱ्यांत हात घालावा तर कडकडून चावावयाचीं. तीं रिसर्पीनानें इतकीं निवळलीं कीं त्यांना खुशाल हाताळावें. हीं माकडें त्या दिवसांत हिंदुस्थानांतूनच हजारोंनीं परदेशीं जात असत. १९७८ सालीं सरकारनें ती निर्यात बंद केली. मुळी येथली, माकडेंहि येथलीं. दोहोंच्या भेटीचा अर्थ लावणें तेवढें दूर देशीं झालें.

हा अर्थ कोणता लावला गेला? १९५३ सालीं सीबाचेच यॉंकमन यांनीं या परिणामास इंग्रजींत जो शब्द योजिला, त्याचा अर्थ ‘शांति देणारें’ असा होतो, आणि तोच शब्द पुढें औषधांच्या एका संबंध वर्गास चिकटला. शांति हा शब्द वजनदार आहे. तो नुसत्या हालचालीचें वर्णन करीत नाहीं. आंत मन कसें आहे हेंहि तो सांगून टाकतो. पुढील वर्षीं न्यूयॉर्क संस्थानांतील एका मोठ्या मनोरुग्णालयांत नेथन क्लाइन यांनीं रोग्यांस रिसर्पीन देऊन पाहिलें. इतर ठिकाणींहि तें देण्यांत आलें, आणि ज्यांना बांधून ठेवावें लागे असे कित्येक रोगी खरोखरच निवळले. हा लाभ लहान नव्हता, व त्याची थट्टा करण्याचा अधिकार आपणांस नाहीं. पण माकडाचें निमूट बसणें ही शांति होती काय, हा प्रश्न त्यामुळें सुटला असें मात्र नव्हे.

तो प्रश्न नीट विचारण्याची एक युक्ति ब्रेडी यांनीं १९५६ सालीं योजिली. उंदरांस कळ दाबून बक्षीस मिळविण्याची संवय लावलेली होती. मधून मधून एक टकटक आवाज सुरू होई आणि त्याच्या शेवटीं पायांस विजेचा धक्का बसे. कांहीं दिवसांनीं आवाज ऐकूं आला कीं उंदीर कळ सोडून थिजून बसूं लागले. आतां औषधानें उंदीर केवळ सुस्त होतो कीं त्याचें भय कमी होतें, हें एकाच प्रयोगांत वेगळें पाहतां येणार होतें. रिसर्पीन दिलेल्या उंदराचा एकंदर वेग मंदावला, परंतु भयसूचक आवाज चालू असतांहि तो कळ दाबीत राहिला. उलट अँफेटमीन या उत्तेजक औषधानें उंदराचा वेग वाढला आणि आवाज होतांच तो पूर्वीपेक्षांहि अधिक कडेकोट थांबला. हा मला या विषयांतील अत्यंत सुंदर प्रयोगांपैकीं एक वाटतो. कारण येथें पाहणारानें आपलें मत न सांगतां जनावरासच निवड करावयास लाविलें आहे. तरी पण वाद मिटला नाहीं. लॉरेन्स वाइसक्रांट्झ यांनीं माकडांवरील अनुभवावरून असें प्रतिपादिलें कीं, रिसर्पीनानें भय तेवढें जात नसून जनावर सर्वच गोष्टींस प्रतिसाद देईनासें होतें. ज्याला भाकरीचें आणि सापाचें सारखेंच कांहीं वाटत नाहीं, त्याला निर्भय म्हणावें काय?

एवढ्यांत रक्तदाबाच्या रोग्यांकडून निराळीच तक्रार येऊं लागली. मोठ्या मात्रेनें दीर्घकाळ रिसर्पीन घेणारे कांहीं जण खोल औदासीन्यांत बुडाल्याचें फ्राइस यांनीं १९५४ सालीं नोंदविलें. १९५५ सालीं अमेरिकेंत ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेंत असें आढळलें कीं रिसर्पीन शरीरांतील सेरोटोनिन या द्रव्याचा सांठा रिकामा करतें. झालें! कालपर्यंत जो ससा शांतीची मूर्ति होता, तोच आज विषण्णतेची मूर्ति ठरला. पाठ तीच, पापण्याहि त्याच. ज्या औषधानें रिसर्पीन दिलेल्या उंदराच्या उतरलेल्या पापण्या वर येतील तें औदासीन्यावर चालण्याचा संभव, अशी कसोटीच औषधी कंपन्यांत रूढ झाली. आणि गंमत अशी कीं तिनें कांहीं उपयुक्त औषधें हुडकूनहि दिलीं. याच १९५५ सालीं लंडनमध्यें डेव्हिस व शेफर्ड यांनीं चिंताग्रस्त व उदास रोग्यांवर चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें वांटणी करून रिसर्पीनाची परीक्षा केली होती, व तींत तें रोग्यांस हितकर ठरलें होतें. बोलूं शकणाऱ्या माणसांची ही साक्ष होती. परंतु सशाची मूर्ति डोळ्यांपुढें इतकी ठसली होती कीं या साक्षीकडे दीर्घकाळ फारसें कोणी वळून पाहिलें नाहीं.

तिसरा अर्थ स्वीडनमध्यें निघाला. आर्विड कार्लसन हे ब्रोडींच्याच हाताखालीं कांहीं महिने काम करून लुंडला परतले होते. रिसर्पीनानें केवळ सेरोटोनिन नव्हे, तर दुसऱ्या जातीचीं द्रव्येंहि मेंदूंतून नाहींशीं होतात हें ध्यानीं घेऊन, त्यांनीं लिंडक्विस्ट व मॅग्नुसन यांच्यासह १९५७ सालीं पुढील प्रयोग केला. रिसर्पीन दिलेले, कान पाडून निश्चल बसलेले ससे घेतले. ज्यापासून शरीरांत सेरोटोनिन बनतें तें द्रव्य टोंचलें. ससे होते तसेच राहिले. मग डोपा नांवाचें द्रव्य टोंचलें. थोड्याच वेळांत कान उभे राहिले, डोळे उघडले, आणि ससे हिंडूं लागले. पुढील वर्षीं असें दिसून आलें कीं डोपापासून बनणारें डोपामीन हें द्रव्य मेंदूंत मुळांतच असतें आणि रिसर्पीनानें तें नाहींसें होतें. तोंवर त्यास केवळ दुसरीं द्रव्यें बनतांनाची मधली पायरी समजत. हें डोपामीन हालचालींचें नियमन करणाऱ्या मेंदूच्या गाभ्यांतच विशेष सांठलेलें आहे असें जेव्हां ठरलें, तेव्हां एक जुनें निरीक्षण एकदम अर्थपूर्ण झालें. मनोरुग्णालयांतील डॉक्टरांनीं रिसर्पीन घेणाऱ्या रोग्यांत ताठरपणा, मुखावरील भावशून्यता आणि हातांचा कंप पाहिलाच होता. सशाचें तें आसन शांतीचेंहि नव्हतें व दुःखाचेंहि नव्हतें. निदान बऱ्याच अंशीं तें कंपवाताचें होतें.

विद्वानांस हें लगेच पटलें नाहीं. १९६० सालीं लंडनच्या परिषदेंत कार्लसन यांच्या मतास थंड स्वागत मिळालें. वयोवृद्ध सर हेन्री डेल यांनीं तर डोपा हें विषच असल्याचा सूर काढला. पण त्याच वर्षीं व्हिएन्नांत एरिंगर व होर्निकेविच यांस कंपवातानें मेलेल्या माणसांच्या मेंदूंत डोपामीनाची मोठी तूट आढळली, आणि १९६७ सालीं अमेरिकेंत कोट्झियास यांनीं डोपा हळूहळू वाढत्या मात्रेनें तोंडावाटे देऊन वर्षांनुवर्षें जखडलेले रोगी चालते केले. डॉ. वकील यांस १९५७ सालीं लास्कर पारितोषिक मिळालें होतें. कार्लसन यांस नोबेल पारितोषिक मिळावयास २००० साल उजाडावें लागलें.

रिसर्पीन आज क्वचितच कोणी लिहून देतो. मात्र मेंदूंत तशीच करणी करणारें टेट्राबेनाझीन नांवाचें कृत्रिम औषध, १९५० नंतरच्या दशकांत मनोविकारांसाठीं म्हणून तयार झालेलें, २००८ सालीं अमेरिकेंत हंटिंग्टनच्या रोगांत होणाऱ्या अनावर अंगविक्षेपांवर मान्य झालें. ज्याच्या हातापायांची हालचाल थांबतच नाहीं त्याची ती आवरावी, एवढाच त्याचा हेतु. शांतीचें नांवहि आतां कोणी काढीत नाहीं. त्याच्या माहितीपत्रकांत आरंभींच चौकटींत एक इशारा छापलेला असतो : या औषधानें औदासीन्य येऊं शकतें, तरी रोग्यास तसें वाटतें काय हें त्यास विचारीत जावें.