मनोरुग्णालय, विडी आणि औषधाची मात्रा

'व्यसन' या संस्कृत शब्दाचा एक अर्थ संकट असाही होतो. तरीही विसाव्या शतकात पाश्चात्त्य मनोरुग्णालयांतून सिगारेट बक्षीस म्हणून दिली जात असे. भारतात २००३ च्या कायद्याने रुग्णालयांच्या इमारतींत धूम्रपान निषिद्ध ठरविले. परंतु निषेध म्हणजे उपचार नव्हे. धुरातील द्रव्यांमुळे क्लोझापीन हे औषध शरीरात लवकर विघटन पावते. विडी सुटताच त्याचे रक्तातील प्रमाण वाढते व मात्रा कमी करावी लागते. महाराष्ट्राची जुनी शासकीय मनोरुग्णालये पुणे, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. मुदखेडाहून ती सारी दूर. तेथून परतलेला रुग्ण पुन्हा विडी ओढू लागल्यास तीच मात्रा अपुरी पडून आजार उलटू शकतो. म्हणून व्यसनमुक्तीचे कार्य रुग्णालयाच्या फाटकाशी संपत नाही.