थांबलेल्या मालमोटारीचा इतिहास



गोदेच्या काठी वसंत ऋतूत भरणाऱ्या या ज्ञानसत्रात राजांचा, संतांचा आणि क्रांतिकारकांचा इतिहास आजवर पुष्कळांनी सांगितला आहे. आम्ही पडलो कामगारांत वावरणारे. शाळा लवकर सुटली आणि पुढचे शिक्षण कायद्याची पुस्तके व कामगारांच्या तक्रारी वाचता वाचता झाले. म्हणून आज आम्ही ज्याचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही असा विषय घेतला आहे. तो म्हणजे बर्फात अडकलेल्या, दरडीमागे खोळंबलेल्या किंवा भलत्याच रस्त्याला लागलेल्या मालमोटारीचा आणि तिच्या चालकाचा.

अशी बातमी आली की आपण चटकन निकाल देतो. 'ड्रायव्हर चुकला', 'त्याला कळायला हवे होते', किंवा फार तर 'निसर्गापुढे कोणाचे काय चालणार!' आमचे म्हणणे निराळे आहे. गाडी का थांबली याची चौकशी होते, माल किती नासला याचाही हिशेब होतो. पण गाडीबरोबर जो माणूस थांबला त्याचे तास कोण मोजतो? वाहतुकीचा दीडशे वर्षांचा इतिहास या एका प्रश्नाच्या उजेडात पाहिला, तर त्यात पुष्कळ बोध आहे.

प्रारंभ आपल्या दारातूनच करू. नाशिकहून मुंबईकडे उतरायचे तर इगतपुरीपुढचा थळघाट, म्हणजेच कसारा घाट, ओलांडावा लागतो. मोटारी आणि रेल्वे येण्यापूर्वी सह्याद्रीतील घाटवाटांनी धान्य आणि मीठ वाहिले जाई ते बैलांच्या पाठीवर, आणि त्या व्यापाराचा मोठा भाग बंजाऱ्यांच्या तांड्यांच्या हाती होता. पावसाळ्यात नद्या भरत, घाट निसरडे होत, आणि तांडा चारा-पाणी पाहून मुक्काम ठोकी. त्या थांबण्याला कोणी चूक म्हणत नसे. बायकामुले, गुरे, भांडीकुंडी सारे बरोबर असे, आणि चार महिन्यांचा मुक्काम हा धंद्याच्या हिशेबातच धरलेला असे. ते जीवन सुखाचे होते असे आम्ही म्हणत नाही. पण थांबणे हा वाहतुकीचाच एक भाग आहे, एवढे त्या काळच्या व्यापाराला मान्य होते.

पुढे त्याच घाटात रेल्वे आली. कसारा ते इगतपुरी हा लोहमार्ग १ जानेवारी १८६५ रोजी सुरू झाला. चढ असा की ३७ फूट पुढे जाताना १ फूट वर जायचे. म्हणून गाडीला मागून रेटा देण्यासाठी जादा इंजिने लागत, आणि आजही लागतात. रेल्वेबरोबर वेळापत्रक आले, आणि वेळापत्रकाबरोबर कामाच्या तासांचा झगडाही आला. सिग्नल मिळेपर्यंत उभा असलेला चालक काम करतो की विश्रांती घेतो? फाटकावर दोन गाड्यांच्या मध्ये बसलेला माणूस रिकामा की कामावर? कामाच्या तासांविषयीचा पहिला आंतरराष्ट्रीय करार १९१९ साली वॉशिंग्टनला झाला. त्याला अनुसरून १९३० साली रेल्वे कायद्यात दुरुस्ती होऊन सततचे काम करणाऱ्यांना आठवड्यास ६० तास आणि खंडित काम करणाऱ्यांना ८४ तास अशी मर्यादा ठरली. चौऱ्याऐंशी तास म्हणजे रोजचे बारा, तेही सातही दिवस! तथापि त्यात एक तत्त्व मान्य झाले होते. वाट पाहण्याचे तासही मोजायचे असतात, हे ते तत्त्व. पुढे १९४७ च्या न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या निवाड्याने या मर्यादा ५४ आणि ७५ वर आणल्या. १९७३ च्या ऑगस्टमध्ये इंजिनचालकांनी संप केला तेव्हा त्यांची मुख्य मागणी हीच होती की, कामावर सही केल्यापासून सही करून सुटेपर्यंत दहा तासांहून अधिक काम नको. सरकारने ते तत्त्व मान्य केले. अंमल कितपत झाला हा वेगळा प्रश्न. पण 'सहीपासून सहीपर्यंत' या शब्दांत गाडी धावण्याचा आणि गाडी थांबण्याचा काळ एकाच मापाने मोजला गेला, हे विसरू नये. मनमाड आणि इगतपुरी ही आपल्या जिल्ह्यातील रेल्वेची गावे. तेथल्या जुन्या घरांत हे शब्द आजही ठाऊक आहेत.

आता त्याच घाटात रुळांना सोडून सडकेवर या. मोटारीच्या रस्त्यांचा देशव्यापी विचार प्रथम केला तो १९२७ साली नेमलेल्या समितीने, आणि तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. त्या समितीच्या शिफारशीतून पेट्रोलवरील जादा कराचा रस्तेनिधी उभा राहिला. १९४३ साली नागपूरला मुख्य अभियंत्यांची परिषद भरली आणि राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा व ग्राम अशी रस्त्यांची वर्गवारी ठरली. १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याने आपला आग्रा रोड 'राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३' झाला. अलीकडे त्याचे क्रमांक बदलले, पण द्वारकेच्या चौकातला माणूस अजून त्याला आग्रा रोडच म्हणतो. या सर्व योजनांत मैल मोजले, खडी मोजली, पूल मोजले. माणसाचे तास मात्र दुसऱ्याच कायद्यांवर सोपविले गेले.

ते कायदे कसे होते? १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने चालकाला पाच तासांनंतर अर्धा तास विसावा आणि दिवसाला नऊ तास अशी मर्यादा घातली.   पुढे १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा आला. दिवसाला आठ तास, आठवड्यास अठ्ठेचाळीस, आणि जादा कामाला दुप्पट वेतन. कामाच्या तासांची व्याख्याही पहिल्या ओळीत उदार होती: कामगार जितका वेळ मालकाच्या हुकुमात असेल तितका. मात्र तीच व्याख्या पुढे नुसत्या हजेरीविषयी बोलताना काय म्हणते पाहा. गाडीच्या ठाण्यावर पंधरा मिनिटांहून कमी वेळ नुसते हजर राहावे लागले, तर तो वेळ कामात धरावा. पंधरा मिनिटे! ज्याला पाच दिवस रस्त्यावर उभे राहावे लागते त्याच्याविषयी असा स्पष्ट शब्द नाही. उलट रस्ता अडला किंवा दैवी आपत्ती आली, तर नियमांतील अटी पाळून मालकाला आठ तासांहून अधिक काम घेण्याची मुभा त्याच कायद्यात होती.

दुसरी गोष्ट याहून मोठी. हा कायदा आपोआप लागू होई तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यालाच. आपल्याकडे मालमोटारीचा धंदा म्हणजे बहुधा एका-दोन गाड्यांचा मालक, एक चालक, एक क्लीनर. संसदेने २०२० साली मंजूर केलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत हा १९६१ चा कायदा सामावला गेला, आणि तेथे पाचाचा आकडा दहा झाला. म्हणजे साठ वर्षांच्या वाटचालीत छत्री मोठी होण्याऐवजी तिची एक काडी कमी झाली.

आता बर्फाकडे वळू. नाशिकचा बर्फाशी काय संबंध, असे कोणी विचारील. पण आग्रा रोड आग्र्याला संपला तरी मालाची वाट संपत नाही. आपल्या भागातील कांदा आणि द्राक्षे उत्तरेच्या बाजारांत जातात, आणि काश्मीरचे सफरचंद आपल्या बाजारात येते. ते येते मुख्यतः जम्मू-श्रीनगर रस्त्याने. १९२२ साली सर्वांना खुला झालेला हा रस्ता बनिहालच्या खिंडीवरून, नऊ हजार फुटांहून अधिक उंचीवरून जाई आणि हिवाळ्यात बंद पडे. १९५६ च्या डिसेंबरात खिंडीखालून अडीच किलोमीटरांहून लांब असा जवाहर बोगदा खुला झाला. २०१७ साली चेनानी-नाशरीचा नऊ किलोमीटरांचा आणि २०२१ साली बनिहाल-काझीगुंडचा साडेआठ किलोमीटरांचा बोगदा आला. उंची कमी झाली, अंतर कमी झाले. तरीही २०१८ च्या नोव्हेंबरात अवकाळी बर्फ पडले तेव्हा रस्ता बंद झाला. २०२२ च्या सप्टेंबरात रामबनच्या दरडींमुळे सफरचंदांच्या गाड्यांच्या रांगा लागल्या, आणि २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात पुन्हा तेच. दोन बोगद्यांमधला डोंगर ठिसूळ आहे. बोगदा त्याला समजावू शकत नाही.

गोदाकाठच्या माणसाला त्या थांबण्याची कल्पना यावी म्हणून थोडे सांगतो. कडाक्याच्या थंडीत साध्या डिझेलमधले मेण गोठते आणि इंजिनला इंधन पोचत नाही. लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत पातळ राहणारे खास डिझेल २०१९ साली निघाले ते याच कारणाने. हवेच्या ब्रेकच्या नळ्यांत पाणी साचलेले असेल तर तेही गोठते. चाकांना साखळ्या बांधाव्यात, तर आपल्याकडच्या गाडीत त्या असणार कोठून? केबिनमध्ये स्टोव्ह पेटवून काचा बंद केल्या तर विषारी वायूचा धोका, आणि उघड्या ठेवल्या तर थंडीने जीव जातो. गाडी सोडून गावात आसऱ्याला जावे, तर मालाची जोखीम चालकावर. म्हणजे तो विश्रांती घेत नसतो, पहारा देत असतो.

आता रस्ता चुकण्याची गोष्ट. २०२१ च्या जानेवारीत, आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यात कोतूळजवळ, मोबाइलच्या नकाशावर विसंबून रात्री निघालेली एक मोटार धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर शिरली आणि चालक बुडाला. ती मालमोटार नव्हती, पण बोध तोच आहे. तेथे इशाऱ्याची पाटी नव्हती, अशी तक्रार त्या वेळी झाली. नकाशाला रस्त्याचे अंतर कळते. पुलावर पाणी आहे का, वीस टन मालाला वळण पुरेल का, गावातली वीजतार किती उंच आहे, हे त्याला कळेलच असे नाही. पूर्वी हे ज्ञान धाब्यावर मिळे. समोरून येणारा चालक हात बाहेर काढून सांगे. आज मालक दूरून पडद्यावर गाडी पाहतो आणि 'त्या रस्त्याने टोल वाचेल' असे फोनवर सांगतो. मग गाडी आडरानात रुतली की चूक कोणाची? चालकाचीच! व्यापारी वाहनाच्या परवान्यासाठी असलेली आठवी पासची अट सरकारने २०१९ साली काढली. गरिबाला रोजगार मिळावा हा हेतू चांगलाच होता. पण मग ज्याला अक्षर नीट वाचता येत नाही त्याच्यासाठी चित्राची, खुणेची, ठळक पाटी जागोजाग लावण्याचे कर्तव्य दुप्पट होते.

या सगळ्यात वेळ मोजलीच जात नाही असे नाही. ती फार काटेकोर मोजली जाते, पण मालाची. २०१८ पासून मालाबरोबर ई-वे बिल लागते. प्रथम १०० किलोमीटरांना एक दिवस अशी त्याची मुदत होती. १ जानेवारी २०२१ पासून २०० किलोमीटरांना एक दिवस झाली. म्हणजे तेवढ्याच वेळात दुप्पट अंतर. नैसर्गिक आपत्तीत गाडी अडकली तर ही मुदत वाढवून घेण्याची सोय नियमात आहे, आणि ती योग्यच आहे. मग आम्ही विचारतो: कागदाला जर समजते की गाडी बर्फात थांबली आहे, तर पगाराच्या वहीला ते का समजू नये?

आमच्याकडे येणाऱ्या चालकांपैकी पुष्कळांचा पगार खेपेवर असतो. खेप चार दिवसांची असो की चौदा दिवसांची, रक्कम तीच. खुराकीचे पैसे संपले की घरून मागवायचे. एका चालकाच्या हिशेबात तर थांबलेल्या दिवसांचा भत्ता कापून वर नासलेल्या मालाचा वाटाही लावलेला आम्ही पाहिला. मालक वाईटच असतो असे नाही. एका गाडीच्या मालकाच्या डोक्यावर कर्जाचे हप्ते असतात आणि थांबलेली गाडी त्यालाही खाते. म्हणूनच हा बोजा चालक व लहान मालक यांच्यात ढकलत बसण्यात अर्थ नाही. माल चढविण्या-उतरविण्यास उशीर झाला तर 'हॉल्टिंग' आकारण्याची रीत या धंद्यात आहेच. तीच रीत रस्ता बंद होण्यालाही लावावी, ती बिल्टीवर छापावी, माल पाठविणाऱ्याने ती द्यावी आणि तिच्यातला ठरलेला हिस्सा चालक-क्लीनरचा असावा. सफरचंदाच्या किंवा कांद्याच्या किलोमागे तो भार किती अल्प पडेल, याचा हिशेब या सभेतील कोणीही व्यापारी करू शकेल.

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरीपासूनचा शेवटचा टप्पा खुला झाला. सुमारे आठ किलोमीटरांच्या बोगद्यातून सह्याद्री आता काही मिनिटांत ओलांडता येतो. आम्हाला त्याचा आनंद आहे. पण इतिहास सांगतो की बोगदा अंतर कापतो, हक्क देत नाही. त्याच घाटात रुळांवर थांबलेल्या माणसाचे तास मोजले जाऊ लागले ते डोंगर फोडल्यामुळे नव्हे. १८६५ साली डोंगर फोडून झालाच होता. पुढची शंभर वर्षे माणसे एकत्र आली, भांडली, निवाडे मिळविले, तेव्हा ते झाले. रेल्वेचा कामगार एका ठाण्यावर भेटतो, त्यामुळे त्याची संघटना सोपी. मालमोटारीचा चालक आज आडगावला, उद्या धुळ्याला, परवा काझीगुंडला. त्याची संघटना अवघड आहे, अशक्य नाही. तोवर निदान एवढे आपण सर्वांनी करावे की, आपल्या ताटातले फळ उशिरा आले तर ड्रायव्हरला दोष देण्यापूर्वी तो कोठे व किती दिवस उभा होता आणि त्या दिवसांचे त्याला काय मिळाले, हे एकदा विचारावे. तो प्रश्न पुरेशा लोकांनी विचारला, तर कायद्यालाही त्याचे उत्तर द्यावे लागेल.