विद्यार्थी-चित्रपट आणि चित्रप्रकारांचे संकेत

भयपट, गुन्हेपट, विज्ञानपट या चित्रप्रकारांचे ठरीव संकेत विद्यार्थी-चित्रपटांत पाळलेही जातात आणि मोडलेही जातात. मात्र प्रेक्षकाने संकेत आधी ओळखला, तरच तो मोडण्याला अर्थ येतो. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात जॉर्ज लुकस यांनी १९६७ साली केलेला ‘इलेक्ट्रॉनिक लॅबिरिंथ : टीएचएक्स ११३८ ४ईबी’ हा सुमारे १५ मिनिटांचा लघुपट याचा ठळक दाखला होय. पाळतीखालचा समाज, नावाऐवजी क्रमांक, जीव घेऊन पळणारा माणूस, हे सारे विज्ञानपटाचे नेहमीचेच सामान. पण अंतराळयाने नाहीत की कथा उलगडून सांगणारा निवेदक नाही. आहेत ते ओसाड मार्ग, धूसर पडदे आणि तुटक यांत्रिक आवाज.

ही बंडखोरी नसून पैशांची चणचण होती, असा आक्षेप घेता येईल. तो निम्माच खरा आहे. चणचणीमुळे साधी चित्रीकरणस्थळे का निवडली ते कळते. अर्थबोध लांबवणारी ध्वनियोजना मात्र चणचणीतून येत नाही. रोमान पोलान्स्की यांनी पोलंडमधील वूच येथील चित्रपट-विद्यालयात १९५८ साली केलेल्या ‘टू मेन अँड अ वॉर्डरोब’मध्येही मूकपटातील विनोदाचा साचा हिंसेने तडकतो. लुकस यांनी आपल्या लघुपटावरून १९७१ साली पूर्ण लांबीचा चित्रपट केला.