क्वालिफाइंग इंडस्ट्रियल झोन (क्यूआयझेड)

इस्राएलशी भागीदारीत जॉर्डन किंवा ईजिप्तमध्ये तयार झालेल्या मालाला अमेरिकेत आयातशुल्काशिवाय प्रवेश मिळवून देणारी औद्योगिक क्षेत्रे. जॉर्डन-इस्राएल शांतता करार २६ ऑक्टोबर १९९४ रोजी झाला. कालपर्यंतच्या शत्रूंमध्ये व्यवहार सुरू व्हावा, या हेतूने अमेरिकी काँग्रेसने १९८५ च्या अमेरिका-इस्राएल मुक्त व्यापार कायद्यात १९९६ मध्ये दुरुस्ती केली. वेस्ट बँक व गाझातील मालालाही तिने हीच सवलत दिली.

सवलतीसाठी मालाच्या किमतीतील किमान ३५ टक्के वाटा ठरलेल्या प्रदेशांतून यावा लागतो. जॉर्डनच्या व्यवस्थेत त्यापैकी ११.७ टक्के जॉर्डनच्या कारखान्याचा, तर ८ टक्के इस्राएलचा (उच्च तंत्रज्ञानाच्या मालात ७) असे ठरले. पहिले क्षेत्र १९९८ मध्ये इर्बिद येथे मान्य झाले. अमेरिकेत तयार कपड्यांवर, विशेषतः कृत्रिम धाग्यांच्या कपड्यांवर, भारी शुल्क असल्याने या योजनेचा खरा लाभ शिलाई कारखान्यांनी उठवला आणि जॉर्डनची अमेरिकेला होणारी निर्यात काही वर्षांतच एक अब्ज डॉलरपलीकडे गेली. मात्र यंत्रांवर बसलेले बहुसंख्य कामगार बांगलादेश, श्रीलंका, चीन, भारत अशा देशांतले होते. त्यांची पारपत्रे अडकवून ठेवणे, वेतन थकवणे, अतिरिक्त तास राबवणे हे प्रकार २००६ मध्ये उघडकीस आले. शांततेच्या नावाने उभ्या राहिलेल्या योजनेवरचा हा गंभीर डाग होय. पुढे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या सहभागाने कारखान्यांची तपासणी सुरू झाली.

ईजिप्तने आठ वर्षे हात आखडता घेतला. परंतु १ जानेवारी २००५ पासून जगभरच्या कापड-कोट्यांची व्यवस्था संपणार आणि आपल्या गिरण्यांना आशियाई स्पर्धा झेपणार नाही हे दिसताच, १४ डिसेंबर २००४ रोजी कैरोत करार झाला. इस्राएली वाटा ११.७ टक्के ठरला. २००७ मध्ये तो १०.५ वर आला.

संयुक्त उत्पादन हे नाव मोठे असले, तरी बहुतेक कारखान्यांत ते चेन, बटणे, रसायने, वेष्टनाचे साहित्य असा इस्राएली माल विकत घेण्यापुरतेच राहिले. तोही शुल्कसवलतीसाठी घेतला जाई. अमेरिका-जॉर्डन मुक्त व्यापार करार डिसेंबर २००१ मध्ये अमलात आला आणि त्यातील शुल्ककपात २०१० पर्यंत पूर्ण झाली, तेव्हा इस्राएली वाट्याविनाच तोच लाभ मिळू लागला. जॉर्डनचे निर्यातदार त्या कराराकडे वळले. अमेरिकेशी असा करार नसलेल्या ईजिप्तमध्ये ही व्यवस्था पुढेही चालू राहिली.